मुद्गर न लागता फुटलेला घट

माउली, खांबच्या सप्ताहात बारावीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बुवा, तुम्ही कार्यकारण, कार्यकारण म्हणता. आताच्या भौतिकशास्त्रात ते उरलंय का?" प्रश्न टाळ वाजवून बुडवण्यासारखा नव्हता.

आपलं शास्त्र घटाला दोन कारणं सांगतं. माती हे उपादान. कुंभार, त्याचा दंड, चाक हे निमित्त. फुटायलाही निमित्त लागतं. मुद्गराचा प्रहार झाला, घट फुटला.

आता तुर्भ्याला चला. तिथे 1985 पासून ध्रुव नावाची अणुभट्टी आहे. थायरॉइडच्या रुग्णांना देतात ते आयोडीन-131 तिच्यात तयार होतं. त्याचा एकेक अणू किरण सोडतो आणि आयोडीन राहतच नाही, झेनॉन होतो. आठ दिवसांत निम्मे अणू संपले. उरल्यातले निम्मे पुढच्या आठ दिवसांत. हा हिशेब चुकत नाही. पण हाच अणू आज का, आणि शेजारचा परवा का? दोघांत तिळाचा फरक नाही, आणि प्रहार कुणीच केलेला नाही! आइन्स्टाइनसारख्या माणसाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. बहुतेक शास्त्रज्ञ मात्र म्हणतात, निमित्त लपलेलं नाही, ते नाहीच.

मग कारण गेलं का? अहो, माती कुठे गेली? फुटणं त्या अणूच्या घडणीतच आहे. मिठातलं आयोडीन-127 बघा, ते तसंच राहतं. आणि कार्य कारणाच्या आधी येत नाही, हे तर सापेक्षतेने जास्तच घट्ट केलं. सूर्यावर आत्ता काही घडलं, तर सुमारे आठ मिनिटं त्याची झळ आपल्याला लागत नाही.

म्हणून 'विज्ञानाने कर्म खोडलं' म्हणणारा घाई करतो. 'अणूत लीला सिद्ध झाली' म्हणणारा आमच्यातला बुवाही तीच घाई करतो. कर्माची वही अणूत उघडू नये.

आणि घरात तरी कशाला उघडता? तेच औषध घेऊन, दवाखान्यातून सुटून सून घरी येते. काही दिवस लेकरांना जवळ घेऊ नको, असं तिला सांगितलेलं असतं. इकडे ओटीवर कुजबुज, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल! माउली, ती लांब बसलीय ती किरणांमुळे, आणि ते दिवसागणिक कमी होतायत. उंबऱ्यात उभं राहून हाक मारा, "कशी आहेस गं बाय?" तेवढ्या अंतरावरून बोलायला डॉक्टरांची मनाई नसते.