आरोग्य-संशोधनांत गांवाचा वांटा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघावें व रेवस बंदराला उतरावें, ही वहिवाट पिढ्यान्पिढ्यांची आहे. या वाटेनें मासळी व भाजीपाला मुंबईस गेला. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला घरीं आले. आणि पुढें हातांत छापील प्रश्नपत्रकें घेतलेले अभ्यासकहि या किनाऱ्यावर येऊं लागले. क्षयाचे रोगी किती, मुलांचें वजन काय, बाळंतपणें घरीं होतात कीं इस्पितळांत, हें विचारून घेणें हें त्यांचें काम. पूर्वी गांवानें उत्तरें द्यावीं आणि पाहुण्यांनीं तीं लिहून न्यावीं, एवढाच हा व्यवहार होता. आतां मात्र गांव हा अभ्यासाचा विषय नसून अभ्यासांतील भागीदार आहे, असें योजनेच्या पहिल्याच पानावर लिहिण्याचा प्रघात पडला आहे. लिहिणें सोपें आहे. हा भागीदार खरा किती आणि कागदी किती, हें ओळखावें कसें?

त्याचें सरधोपट उत्तर म्हणजे हजेरीपट. इतक्या सभा झाल्या, इतकीं माणसें आलीं, इतके आंगठे उठले. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन विदुषीनें १९६९ मध्यें लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली. तिच्या खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतें चुचकारलें जातें, आणि अगदीं वरच्या पायरीवर अधिकार लोकांच्या हातीं असतो. पुढें १९८८ मध्यें सुझन रिफकिन व त्यांचे सहकारी यांनीं आरोग्यकार्यासाठीं निराळी आकृति सुचविली. गरजा कोणीं ठरविल्या, पुढारपण कोणाकडे, संघटना कशी, साधनसामग्री कोणाची, व्यवस्था कोणाच्या हातीं, अशा पांच आऱ्यांवर पांच खुणा करावयाच्या आणि त्या रेषांनीं जोडावयाच्या. सहभाग व्यापक असेल तर जाळें पसरतें, नसेल तर मध्याशीं आक्रसतें. कल्पना चांगली आहे. पण खूण कोठें करावयाची हें हजेरीपट पाहून ठरलें, तर आकृति सुबक येते आणि खोटी येते.

येथें लोकजीवनाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची पद्धति उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मालिनोव्स्की या पंडितानें ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून, तेथील भाषा शिकून लोकांचा नित्यव्यवहार पाहिला व १९२२ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हांपासून या पद्धतीला मोठी प्रतिष्ठा आली. तिचें मर्म साधें आहे: विचारण्याच्या आधीं पाहावें, आणि पुष्कळ दिवस पाहावें.

रेवसचेंच उदाहरण कल्पून पाहूं. बालकांच्या आजारांसंबंधीं सभा सकाळीं अकराला ठेविली आहे. शिक्षक आले, ग्रामपंचायतीचे सभासद आले, पुढच्या खुर्च्या भरल्या. कोळणी मात्र आल्या नाहींत. वहींत नोंद होते: मच्छीमार स्त्रियांत उदासीनता. निरीक्षक त्या वेळीं बंदरावर असेल तर त्याला दिसेल कीं, त्या दिवशीं भरती त्याच सुमारास आहे, होड्या त्याच पाण्यावर आंत येणार, आणि मासळी उतरवून तिची विक्री होईपर्यंत बाईला मान वर करावयास फुरसत नाहीं. कोळीवाड्याचा व्यवहार तारखांनीं चालत नाहीं, तिथींनीं चालतो. उधाणाचे दिवस निराळे, भांगाचे निराळे. आगरी घरांतील बाई भाताच्या लावणींत गुंतली म्हणजे तिचीहि तीच गत. सभेची वेळ कोणाला विचारून ठरली, एवढी एकच गोष्ट पाहिली तरी पांचांपैकीं दोन आऱ्यांवर खूण कोठें करावी तें कळतें.

सभेच्या आंतहि पाहण्यासारखें पुष्कळ असतें. कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कोण दाराशीं उभें. एखादी बाई बोलूं लागली कीं तिचें वाक्य कोण पुरें करितो. आणि तिचें म्हणणें वृत्तांतांत तिच्या शब्दांत उतरतें कीं डॉक्टरांच्या. सभा संपल्यावर घराच्या ओटीवर जें बोलणें होतें, तें तर सभेंत सहसा होतच नाहीं.

नुसत्या होकारावर विसंबल्यास काय होतें, याचा दाखला पंजाबांत घडला. लुधियाना जिल्ह्यांत खन्ना येथें १९५४ पासून १९६० पर्यंत हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांनीं संततिनियमनाचा मोठा अभ्यास केला. घरोघर गोळ्या दिल्या गेल्या व लोकांनीं त्या घेतल्या. पुढें महमूद ममदानी यांनीं त्यांतील एका गांवांत जाऊन चौकशी केली आणि १९७२ मध्यें पुस्तक लिहिलें. कित्येकांनीं गोळ्या घेतल्या होत्या त्या पाहुण्यांचें मन मोडूं नये म्हणून, वापरण्यासाठीं नव्हे. एका गृहस्थानें तर त्यांच्या डब्या व बाटल्या एकावर एक रचून खोलीच्या कोपऱ्यांत शोभेची मांडणी केली होती. मुलगा म्हणजे शेतावर राबणारे दोन हात, हा शेतकऱ्याचा हिशोब तज्ज्ञांनीं मनावर घेतलाच नव्हता. आपल्याकडील पाहुणचारहि कांहीं कमी नाहीं. चहाचा कप म्हणजे संमति असें समजणारा पाहणीदार कोंकणांतहि फसेल.

मांडव्याची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती रेवसच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर घडली. कुष्ठरोग्यांच्या वांकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे म्हणून ज्यांची ख्याति झाली, त्या डॉ. नोशीर अंटिया यांनीं १९७५ मध्यें सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठीं 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था स्थापिली. मांडव्याच्या परिसरांत, सुमारें तीस हजार वस्तींत, गांवच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यांत आलें. त्यांतील पुष्कळजणींना जेमतेम लिहितां-वाचतां येई. साध्या दुखण्यांवर औषध देणें, क्षयाचे व कुष्ठाचे रोगी हुडकणें, मुलांना लस टोंचविण्यास आयांना राजी करणें, हीं कामें त्या घरसंसार सांभाळून करूं लागल्या. अल्पशिक्षित बाईला हें झेपणार नाहीं, ही वैद्यक-पंडितांची खात्री त्यांनीं खोटी पाडली. परंतु स्थानिक सत्ताधाऱ्यांना व प्रस्थापित यंत्रणेला हें रुचलें नाहीं, आणि अखेर प्रयोग आवरता घ्यावा लागला. डॉ. अंटियांनीं ही हकीकत १९८८ मध्यें लेखरूपानें प्रसिद्ध केली, आणि यशाबरोबर तो शेवटहि झांकून ठेविला नाहीं. असा प्रांजळपणा संशोधनाच्या वृत्तांतांत क्वचितच आढळतो.

आंकड्यांच्या परीक्षेंत मांडवा उत्तीर्ण होता. भागीदारीच्या परीक्षेंत काय म्हणावें? सेविकांची स्वतःची भागीदारी निःसंशय होती. त्यांच्या पाठीशीं त्यांचे नवरे, सासवा, शेजारी कितपत होते. औषधाची पेटी गांवाची वाटत होती कीं मुंबईच्या डॉक्टरांची. हें कोणत्याहि तक्त्यांत भरतां येत नाहीं. हा प्रदेश मुकाट्यानें मान डोलावणारांचा नव्हे. याच अलिबाग तालुक्यांत चरी येथील शेतकऱ्यांनीं खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप करून शेतें पडीत ठेविलीं होतीं. जे लोक इतकीं वर्षें नकार देऊं शकतात, ते आपली म्हणून एखादी गोष्ट राखूंहि शकतात. मग ती आपली वाटली होती का, हा प्रश्न उरतो. आणि तो विचारण्याची वेळ विरोध उभा राहण्यापूर्वीची, ओटीवर बसून बोलणें ऐकण्याची असते.

आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते. भागीदार दोन असतात, परंतु निरीक्षण होतें तें एकाचेंच. संस्थेच्या बैठकींतहि निरीक्षकानें बसावें. पैशाचा हिशोब गांवाला दाखविला जातो काय, निष्कर्ष परत येऊन सांगितले जातात काय, गांवानें नको म्हटलेली गोष्ट कधीं रद्द झाली काय, हें तेथें पाहावें. ज्यांना पाहावयाचें त्यांची परवानगी घ्यावी हें तर उघडच आहे; आणि नांव गाळलें म्हणजे झालें, असें त्यानें समजूं नये. लहान गांवांत एका वाक्यावरून बोलणारी बाई ओळखतां येते, आणि तिला नांदावयाचें असतें त्याच गांवांत.

संस्थेनें आपला बेत बदलल्याचें उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें गडचिरोलींत काम आरंभिलें, तेव्हां सिकलसेल या रक्तदोषाचा अभ्यास त्यांनीं हातीं घेतला. तो शास्त्रीय दृष्टीनें महत्त्वाचा होता. आदिवासींच्या मनांत मात्र दुसरींच दुखणीं होतीं. तें ध्यानांत आल्यावर लोकांना विचारून विषय ठरूं लागले. रुग्णालयहि लोकांच्या सांगण्यावरून मोठ्या इमारतीऐवजीं झोपड्यांचें झालें, रोग्याबरोबर नातलगांना राहतां येईल असें, आणि त्याला दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें.

रेवसच्या निरीक्षकाच्या वहींत अशी नोंद होईल ती बहुधा एवढीच असेल: सभा अकराची ठरली होती, कोळणींनीं भरतीची वेळ सांगितली, सभा चारला घेतली.