टाकावयाचें तें कोणतें?

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता कन्हानच्या कांठीं मौद्यास पोंचतो. त्याच मौदा तालुक्यांतून, चाचेर आणि तारसा या लहान स्थानकांवरून, छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग गेला आहे. इ. स. १८८० मध्यें तो राजनांदगांवापर्यंत पोंचला. १८९३ सालीं कवि नारायण वामन टिळक नोकरीकरितां राजनांदगांवास गेले ते याच मार्गानें. त्या वेळच्या आगगाडीच्या प्रवासांत एका पाश्चात्त्य सहप्रवाशाशीं त्यांचें बोलणें झालें, आणि निरोप घेतांना त्या गृहस्थानें ख्रिस्ती धर्मग्रंथाची एक प्रत त्यांच्या हातीं दिली. घेणारा मनुष्य सामान्य नव्हता. कोकणांतील करजगांवीं जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण संस्कृतांत निपुण होता. नागपुरांत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यानें ग्रंथकार्य केलें होतें. आणि जातिभेद नसलेला असा एखादा धर्म आपल्या देशास हवा, या विचारानें त्याचें मन आधींच व्यापलें होतें. डोंगरावरील प्रवचनाच्या अध्यायांशीं येतांच त्याच्यानें तें पुस्तक खालीं ठेववेना.

पुस्तक घेणें सोपें होतें. तें घेतल्यावर हातांतील दुसरें काय सोडावें लागेल, हा प्रश्न कठीण होता. आणि तो टिळकांच्या आयुष्यांत एकदांच नव्हे, पुनःपुन्हां उभा राहिला. ख्रिस्ती साधनेंतील त्यागाचें स्वरूप समजून घेण्यास महाराष्ट्रांत याहून जवळचें उदाहरण सांपडणें कठीण.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत भक्ताला शर्यतींत धांवणाऱ्याची उपमा दिली आहे. धांवणाऱ्यानें दोन गोष्टी टाकाव्या असें तेथें सांगितलें आहे: एक पाप, आणि दुसरें ओझें. या दोहोंत भेद केला आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पाप हें पाप म्हणून ओळखतां येतें. चोरी, असत्य, द्वेष यांचें समर्थन कोणी उघडपणें करीत नाहीं. परंतु ओझें ही स्वभावतः वाईट वस्तु नव्हे. भरजरी अंगरखा उत्सवांत शोभतो. धांवतांना मात्र तोच पायांत अडकतो. विद्या, कुळाचा मान, स्थिर वेतन, लोकांची वाहवा, या साऱ्या चांगल्या गोष्टी आहेत. म्हणूनच त्या सोडण्याचा विचार शेवटीं सुचतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त तुटले. पण त्या दिवशींचा त्याग केवळ त्यांचा नव्हता, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा यांस त्यांनीं स्वतः न निवडलेल्या दुःखांत लोटलें गेलें. लक्ष्मीबाईंनीं कांहीं वर्षें पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयानें काढलीं. 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हा काळ वाचणाऱ्यास त्यागाचें स्तोत्र गाण्यापूर्वीं थांबावें लागतें. एकानें टाकलेलें ओझें पुष्कळदां दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतें. ज्या त्यागाची किंमत घरांतील दुसऱ्या माणसानें भरावयाची, तो करतांना अंतःकरण शतगुणित सावध असावें, ही शिकवण या दांपत्याच्या चरित्रांतच आहे.

लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या धर्म बदलून नव्हे. सोवळेंओवळें त्यांनीं कायम ठेविलें. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. पुढें राहुरीस असतांना जातिभेद देवानें केला कीं माणसानें, या विचारानें त्यांस घेरलें. जन्म, मरण, सुख आणि दुःख सर्वांस सारखीं. मग देवानें हा भेद कोठें ठेविला? उत्तर मनांत निश्चित झालें, आणि कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचा त्यांनीं निर्धार केला. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथें क्रम पाहण्यासारखा आहे. त्यांनीं धर्मांतर केलें म्हणून जात टाकली असें नाहीं; जात मनांतून गळून पडली आणि मग पुढची वाट मोकळी झाली. कोणाच्या आज्ञेनें टाकलेली वस्तु पुन्हां उचलण्याचा मोह होतो. स्वतः ओळखून टाकलेल्या वस्तूकडे मन सहसा परत वळत नाहीं.

आतां दुसरी बाजू. जें जें जुनें तें तें ओझें, असें मानणाराहि चुकतो. त्या काळीं मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेंत इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ गाइलीं जात. नव्या धर्माबरोबर आपली चालरीत, आपलें संगीत, इतकेंच काय आपला पोशाखहि सोडावा, असें कित्येकांस वाटे. टिळकांनीं हें मान्य केलें नाहीं. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हीं त्यांनीं हातचीं जाऊं दिलीं नाहींत. उलट त्यांतूनच ख्रिस्ताची भक्ति गाइली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, अशी त्यांची भावना होती. जातीचा अभिमान त्यांनीं टाकला, पण ज्या पुलावरून आले तो पूल मोडला नाहीं. ओझें कोणतें आणि शिदोरी कोणती, याचा विवेक ज्यास नाहीं, तो वाटेवर उपाशी पडतो.

पुढें अहमदनगरास टिळकांचा जम बसला. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादकत्व आलें, कवि म्हणून कीर्ति झाली. यांत पाप कोठेंच नव्हतें. तरीहि १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी व वेतन सोडलें. परकीय संस्थेचें वेतन घेणारा उपदेशक आणि त्याचे देशबांधव यांच्यामध्यें तें वेतनच भिंतीसारखें उभें राहतें, हें त्यांस दिसलें होतें. साताऱ्यास त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत यावे, असा त्यांचा हेतु होता. हें कार्य उभें राहतें न राहतें तोंच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. 'ख्रिस्तायन' हें त्यांचें महाकाव्य अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. ज्या पतीच्या पहिल्या त्यागानें त्यांचा संसार मोडला होता, त्याच्याच अपुऱ्या ओंव्या त्यांनीं पुढें चालविल्या.

सामान्य कुटुंबवत्सल ख्रिस्ती मनुष्यानें यावरून काय घ्यावें? प्रत्येकानें वेतन सोडून साताऱ्याची वाट धरावी, असें नव्हे. त्याचें ओझें बहुधा लहान आणि घरगुती असतें. भावाशीं झालेल्या वाटणीचा वर्षानुवर्षें जपलेला राग. मंदिरांतील पुढच्या बांकावरचा मान. बाप्तिस्म्याच्या पाण्यांतूनहि न विरघळलेली, मुलामुलींच्या लग्नाच्या वेळीं वर डोकें काढणारी पूर्वजातीची आठवण. प्रार्थनेची वेळ गिळून टाकणारा एखादा निर्दोष नाद. यांपैकीं कोणतें आपलें, हें ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. जी वस्तु उद्यां गेली तर देवावरचा विश्वासच डळमळेल असें वाटतें, ती वस्तु देवाच्या जागीं बसली आहे असें समजावें.

कसोटी लागल्यावरहि एक प्रश्न उरतो: याचा भार कोणावर पडणार? राग सोडला तर तो कोणावरच पडत नाहीं. मान सोडला तर दुसऱ्यास बसावयास जागा मिळते. जातीची आठवण सोडली तर दोन घरें जवळ येतात. असे त्याग आधीं करावे. ज्यांनीं दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, ते करण्यापूर्वीं त्या माणसाशीं बोलावें, थांबावें, प्रार्थना करावी. लक्ष्मीबाईंस राहुरीपर्यंत येण्यास जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ आपल्या घरच्या माणसासहि लागेल. आणि तो देणें हाहि त्यागच आहे.