व्यवस्थापकाने कोणती रीत स्वीकारावी?

(वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी पुष्कळ विचार केला. उद्योग, काटकसर आणि शिक्षण या विषयांवर या व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी अनेकवार विवेचन केले आहे. मी मात्र आज संगणकावरील एका खेळाविषयी बोलणार आहे. पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर पडलेली आठी मला येथून दिसते. वर्षापूर्वी ती माझ्याही कपाळावर होती.

या खेळात चेंडूला पाय लावावयाचा नसतो. एखाद्या फुटबॉल क्लबचा कारभार आपल्या हाती दिला जातो. खेळाडू विकत घेणे, सराव ठरविणे, संघ निवडणे, सामन्यापूर्वी त्यांच्याशी बोलणे, एवढेच आपले काम. मैदानावर खेळतात ते खेळाडूच. इंग्लंडमध्ये केव्हिन टॉम्स यांनी 1982 साली असा पहिला गाजलेला खेळ रचला. पुढे पॉल व ऑलिव्हर कॉलियर या बंधूंनी घरच्या खोलीत बसून तयार केलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ 1992 साली बाहेर पडला, आणि त्याच परंपरेतील खेळ 2004 पासून ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यातील प्रत्येक खेळाडूचे गुण 1 ते 20 या अंकांत मोजलेले असतात. किंबहुना, त्यांतील काही स्वभावगुण आपल्यापासून दडवूनही ठेवलेले असतात. ते वागणुकीवरून ओळखावे लागतात.

आरंभीच खेळ आपणास विचारतो : तुम्ही कोणत्या प्रकारचे व्यवस्थापक होणार? 2015 च्या आवृत्तीत तर मैदानावर उतरून सराव घेणारा आणि डावपेच आखणारा, अशा दोन वाटा स्पष्टच मांडल्या होत्या. 2019 च्या आवृत्तीपासून खेळण्याच्या तयार पद्धतीही समोर ठेवल्या गेल्या. चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारी ‘गेगेनप्रेस’, आखूड पासांनी चेंडू स्वतःकडे राखणारी ‘टिकी-टाका’, बचाव बळकट करणारी इटालियन ‘कॅटेनाचियो’, अशा त्या पद्धती होत. नवखा माणूस साहजिकच त्यांतील सर्वांत तेजस्वी दिसेल ती उचलतो.

मीही तेच केले. सुट्टीत माझा नातू मजकडे राहावयास आला होता. त्याने खालच्या श्रेणीतील एक लहानसा इंग्लिश क्लब निवडला आणि कारभार माझ्या हाती दिला. चाळीस वर्षे छापखाना चालविलेला मी मनुष्य. माणसे कशी वागवावीत हे मला कोणी शिकवावे, असे मला वाटत नव्हते. मी ‘गेगेनप्रेस’ निवडली. त्या पद्धतीला दमदार, अखंड धावणारे खेळाडू लागतात. आमचे निम्मे खेळाडू तिशी ओलांडलेले! तासभर ते धावत, पुढे थकत, आणि अखेरच्या अर्ध्या तासात आम्ही गोल खात असू.

दोष पद्धतीचा आहे हे ध्यानी न घेता मी माणसांवर रागावलो. एका अठरा वर्षांच्या पोराच्या सरावावर उघड ताशेरे ओढले, त्याला दंड केला. लगोलग संघातील वजनदार खेळाडू त्याची बाजू घेऊन मजकडे आला. मी त्यालाही धुडकावले. संघात मित्रांचे गट असतात आणि एकाचे मन दुखावले की त्याच्या गटाचेही दुखावते, अशी या खेळाची रचना आहे. महिन्याभरात सर्व संघ मजविरुद्ध झाला आणि संचालकांनी मला नारळ दिला.

मी त्रासून म्हणालो, “खेळच खोटा आहे.” नातू क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “आजोबा, बाबांनाही तुम्ही असंच सगळ्यांदेखत बोलला होता का?”

सभ्य गृहस्थहो, या प्रश्नाला मजपाशी उत्तर होते, पण ते देण्याचे धैर्य नव्हते. माझ्या मुलाच्या हातून एकदा लग्नपत्रिकेवर तिथी चुकीची छापली गेली. चूक मोठीच होती. परंतु मी त्याला सर्व जुळाऱ्यांसमक्ष जे बोललो, ते त्या चुकीहून कितीतरी मोठे होते. तो छापखाना सोडून नागपुरास नोकरीला गेला. त्यानंतर आमचे बोलणे क्षेमकुशलापलीकडे कधी गेले नाही.

कठोरपणा सर्वथा वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. ब्रायन क्लफ यांचे उदाहरण पाहा. 1974 साली ते लीड्स युनायटेडचे व्यवस्थापक झाले. तो विजेत्यांचा संघ होता. क्लफ यांनी आरंभीच त्यांचे पूर्वीचे यश हिणवले आणि अवघ्या 44 दिवसांत त्यांना जावे लागले. तोच फटकळ माणूस पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला. ज्यांना अजून नाव मिळवावयाचे होते, अशांचा तो संघ होता. त्याने 1978 साली इंग्लंडचे विजेतेपद आणि 1979 व 1980 अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकला. माणूस तोच, जमीन मात्र वेगळी होती.

तात्पर्य, रीत निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आपल्यापाशी माणसे कोणती आहेत? साधने किती आहेत? आणि ज्यांनी काम सोपविले त्यांची अपेक्षा काय आहे? एकदा रीत निवडल्यावर तिला पुरेसा अवधी द्यावा, कारण नवी पद्धत संघाच्या अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. दर पराभवानंतर ती बदलणारा कोठेच पोहोचत नाही. सर्वच कामे आपण करू नयेत. सहायकाला जे अधिक चांगले जमते ते त्याच्यावर सोपवावे. आणि दोष दाखवावयाचा तो एकांतात, स्तुती करावयाची ती खरी असेल तेव्हाच.

आम्ही दुसरा डाव मांडला. या वेळी मी प्रथम खेळाडूंचे गुण वाचले. बचाव सांभाळून संधी मिळताच प्रतिहल्ला करणारी साधी पद्धत घेतली आणि त्या पोराशी एकट्याशी बोललो. विजेतेपद मिळाले नाही. श्रेणीतून खाली घसरण्याचे तेवढे टळले. परंतु हंगाम संपेपर्यंत संघ माझ्या पाठीशी उभा होता.

विद्यार्थिमित्रहो, खेळात हरलेला डाव पुसून पुन्हा मांडता येतो. संसारात गेलेली वर्षे पुसता येत नाहीत. मात्र पत्र लिहिता येते. नातू परत गेला त्या रात्री मी मुलाला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले. आज तो या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे, एवढेच सांगतो.

तुम्ही उद्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, कदाचित आपल्याच मंडळाच्या कार्यकारिणीत अधिकाराच्या जागी बसाल. त्या वेळी प्रथम आपला संघ नीट वाचा आणि मग रीत ठरवा. आम्हा वडीलधाऱ्यांनाही हेच मागणे आहे. मुले ज्यात रमतात ते तुच्छ मानण्यापूर्वी घटकाभर त्यांच्याशेजारी बसावे.