निर्भय प्राण्यांची बेटे



कामगार संघटनेत उभा जन्म काढलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत पशुपक्ष्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमच्याकडून बोनस, महागाईभत्ता आणि संप हेच विषय अपेक्षित असतात. परंतु आज आम्ही आपणांस गालापागोस बेटांकडे नेणार आहोत. तिकडचे भाडे आमच्या खिशाला परवडणारे नाही. आमची त्या बेटांशी ओळख झाली ती सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकांतून. तेथले प्राणी पाहावयास जगभरचे लोक जातात. पण त्या प्राण्यांच्या शेजारी माणसेही राहतात, आणि त्यांचा हिशेब मांडल्यावाचून प्राण्यांचा हिशेब जुळत नाही, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात, ज्वालामुखींनी घडविलेली ही बेटे आहेत. येथे विषुववृत्तावर पेंग्विन राहतात. उडणे विसरलेला पाणकावळा येथे आहे. घोरपडीसारखा दिसणारा इग्वाना समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो आणि अंगातले जादा मीठ नाकावाटे फवारून टाकतो. निळ्या पायांचा बूबी पक्षी मादीपुढे एकेक पाय उचलून नाचतो. आणि २०० किलोंहून अधिक वजनाची, शंभरी ओलांडणारी कासवे येथे चरत असतात. मौज अशी की, यांतले बहुतेक प्राणी माणसाला भीत नाहीत. चार्ल्स डार्विन १८३५ साली येथे पाच आठवडे होता. त्याने झाडावरच्या ससाण्याला बंदुकीच्या नळीने ढकलले, तेव्हा कोठे तो उडाला!

हा निर्भयपणा त्यांना महाग पडला. देवमाशांची शिकार करणारी गलबते येथे थांबत आणि कासवे उचलून नेत. अन्नपाण्यावाचून कासव कित्येक महिने जगते; म्हणून खलाशी त्यांना तळघरात उलटी रचून ठेवीत आणि लागेल तसे ताजे मांस काढीत. अशी लाखावर कासवे गेली असावीत, असा अंदाज आहे. मागून माणसाने सोडलेल्या शेळ्या आल्या आणि त्यांनी कासवांचा चारा फस्त केला. पिंटा बेटावरच्या जातीचा एकच नर उरला होता. १९७१ साली तो सापडला, लोकांनी त्याला ‘एकाकी जॉर्ज’ म्हटले, आणि २४ जून २०१२ रोजी तो मेला. त्याच्याबरोबर ती जात संपली.

आता माणसांकडे पाहू. सान क्रिस्तोबाल बेटावर मान्युएल कोबोस नावाच्या जमीनदाराचा उसाचा मळा होता. राबणारे बहुतेक कैदी आणि कर्जात बुडालेले लोक. मजुरी मालकाने स्वतः पाडलेल्या नाण्यांत, आणि ती नाणी चालत फक्त मालकाच्या दुकानात. चुकले की फटके. पळून जावे तर चहूकडे समुद्र. जानेवारी १९०४ मध्ये मजुरांनी त्याला ठार केले. खुनाचे समर्थन आम्ही करीत नाही; परंतु जेथे दाद मागण्याची एकही वाट नसते, तेथे काय घडते हे ध्यानात ठेवावे. पुढे १९४६ साली इसाबेला बेटावर कैद्यांची वसाहत झाली. त्या कैद्यांकडून लाव्हाच्या दगडांची एक प्रचंड भिंत उभी करविली. ती आजही उभी आहे. तिला ‘अश्रूंची भिंत’ म्हणतात. ही वसाहत बंद झाली १९५९ साली, आणि त्याच वर्षी गालापागोसचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

बेटांची ९७ टक्के जमीन या उद्यानात येते. येथे पाहुण्याला वाटेल तसे हिंडता येत नाही. सोबत परवानाधारक वाटाड्या हवा, आखलेली पायवाट सोडावयाची नाही, आणि प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावयाचे. एका वाटाड्यामागे १६ पाहुणे, त्याहून जास्त नाहीत. प्राण्यांनी आपल्याला भ्यावे, असे आता आपल्या हातून काही घडू नये, हा या नियमांचा अर्थ.

नियम सरकारने केले. पोट मात्र लोकांचे होते. समुद्रकाकडी नावाच्या जीवाला आशियातील बाजारात मोठा भाव आला. मुख्य भूमीवरून कोळी आले, आणि समुद्राचा तळ खरवडला जाऊ लागला. १९९२ साली सरकारने बंदी घातली. जानेवारी १९९५ मध्ये संतप्त कोळ्यांनी डार्विन संशोधन केंद्राला घेराव घातला आणि कासवे मारण्याची धमकी दिली. घेराव आम्हांला परका नाही. पण मुक्या प्राण्याला ओलीस धरणे हे श्रमिकाच्या लढ्याला शोभणारे नव्हे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. त्याचबरोबर असेही म्हणतो की, उपाशी माणसाला नुसता फतवा वाचून दाखविणे हे शहाण्या सरकारला शोभणारे नव्हे.

पुढचे पाऊल शहाणपणाचे पडले. १९९८ च्या विशेष कायद्याने सभोवारचा समुद्र राखीव केला, ४० सागरी मैलांपर्यंत कारखानदारी मासेमारी बंद केली आणि छोट्या मासेमारीचा हक्क स्थानिक कोळ्यांनाच दिला. पाहुण्यांच्या प्रवेशशुल्कातून ४० टक्के उद्यानाला आणि २० टक्के नगरपालिकांना मिळू लागले. कोळी, वाटाडे, शास्त्रज्ञ आणि उद्यानाचे अधिकारी यांना एका टेबलाशी बसविले. तरीही समुद्रकाकडी वाचली नाही. मासेमारी पुन्हा उघडली, साठा खचला, आणि पुढे हंगामामागून हंगाम बंद ठेवावे लागले. टेबलाशी बसलेल्यांनी आजच्या मिळकतीपुढे उद्याचा विचार सोडला, तर टेबल काही करू शकत नाही. मालकाने लुटले काय आणि श्रमिकाने लुटले काय, रिकामा समुद्र दोघांनाही सारखाच.

पण दुसरी बाजूही आहे. एस्पान्योला बेटावर अवघी १४ कासवे उरली होती. त्यांना संशोधन केंद्रात आणले, सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आणखी एक नर मिळविला, आणि त्या १५ जणांची जवळपास दोन हजार पिले बेटावर सोडली. जून २०२० मध्ये ते म्हातारे आईबाप स्वतःच्या बेटावर परतले. हे काम नुसत्या शास्त्रज्ञांचे नव्हे. पाठीवरून कासवे वाहणारे, शेळ्या हटविणारे, पिलांना चारा घालणारे उद्यानरक्षक त्यात आहेत. त्यांची नावे पाटीवर नसतात.

आज तेथे वर्षाला तीन लाखांच्या आसपास पाहुणे जातात, आणि वस्ती २८ हजारांवर गेली आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पाहुण्याचे शुल्क १०० वरून २०० डॉलर झाले. आपल्यापैकी कोणी तिकडे जाईल किंवा न जाईल. पण कोठल्याही रानात, किनाऱ्यावर पक्षी पाहावयास आपण जातोच. तेव्हा दुर्बीण जरूर लावा. मात्र नाव वल्हविणाऱ्याला, वाट दाखविणाऱ्याला काय मिळते, हेही विचारा. ज्याचे पोट पक्ष्याच्या जगण्यावर भरते, तो पक्ष्याचा सर्वांत जागरूक राखणदार होऊ शकतो. त्याला तसे होता यावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.