नवा खुबा आणि जुनी तालीम
(शिवरे येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. जन्मभर खडू-फळ्याशी संबंध आलेला शिक्षक आहे. तथापि आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींनी अलीकडे पुण्यास जाऊन खुब्याचा सांधा बदलून घेतला आहे, आणि त्यांची मुले मला विचारतात, 'गुरुजी, आता आबांना व्यायाम करू द्यावा की नाही?' त्याविषयी जाणत्यांकडून ऐकलेले व वाचलेले निवेदन करतो.

खुबा म्हणजे उखळीत बसविलेला गोळा. इंग्लंडात रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली या शस्त्रवैद्याने १९६२ साली धातूचा लहान गोळा व टणक प्लास्टिकची वाटी बसविण्यास आरंभ केला. आजची शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर उभी आहे. सांध्याचे वेष्टन उघडून आत शिरावे लागते, आणि ते भरून येईपर्यंत गोळा निसटण्याचे भय असते. म्हणून पहिले दोन-तीन महिने, विशेषतः मागील बाजूने छेद घेतला असल्यास, खुबा काटकोनापलीकडे वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाऊल आत वळवू नये, असे बहुधा सांगतात.

आता पाहा, आपला सारा दिनक्रम याच्या विरुद्ध! पाटावर मांडी घालणे, परसाकडे उकिडवे बसणे, वाकून वहाण चढविणे. आणि तालमीतली बैठक तर खुब्यास काटकोनाच्या पार पलीकडे नेते. व्यायामशाळेत पायांनी वजन रेटण्याचे यंत्र असते, त्यावरही गुडघे छातीशी येतात. ज्यांनी तरुणपणी शेकड्यांनी बैठका मारल्या, त्यांना हे पटविणे सर्वांत कठीण. दुखणे थांबले की सांधा बरा झाला, असे त्यांस वाटते.

तरुण मंडळी टेनिसपटू अँडी मरे याचा दाखला देतात. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली व ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली, हे खरे. परंतु त्याच्या हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी चढविली होती, गोळा काढून टाकलेला नव्हता. शिवाय त्याचे वय तेव्हा अवघे ३१ होते!

तरी म्हणून आबांना खाटेवर निजवून ठेवणेही घातकच. पोटरीच्या शिरांत रक्त गोठते. यास्तव रुग्णालयात पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उभे करतात. घोटे वरखाली हलवावेत, मांडीचे स्नायू आवळून सोडावेत, थोडथोडे चालावे. काठी बऱ्या पायाच्या बाजूस धरावी; पुष्कळ लोक ती उलट धरतात. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी. पुढे शस्त्रवैद्याने अनुज्ञा दिल्यावर उंच बैठकीची जागेवरची सायकल, हलक्या वजनाचा हातांचा व्यायाम, आणि नसरापूरच्या बनेश्वराच्या झाडीत सकाळचा फेरफटका! यापरते काय हवे? धावणे, उड्या मारणे व जड वजन मात्र टाळलेले बरे. सांधा लवकर झिजतो वा सैल होतो.

एकाएकी कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, टेकवेना, पोटरी सुजली, जखम वाहू लागली किंवा ताप आला, तर हाड बसविणाऱ्याकडे अथवा मालिशवाल्याकडे न जाता तडक पुण्याची गाडी धरावी. दम लागून छातीत दुखू लागल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

शेवटी व्यवस्थापकांस एक विनंती. पुढील मेळाव्यात पंगतीच्या एका कडेस मेजे व उंच खुर्च्या मांडाव्यात, आणि तेथे यजमानांपैकीही कोणी जेवावयास बसावे, म्हणजे आबांना एकटे पडल्यासारखे वाटणार नाही.