फडताळास पांढरा रंग द्यावा काय?

जुन्या वाड्यांतील स्वयंपाकघर अंधारें, म्हणून सागवानी फडताळ पांढरें रंगवावें, असें गृहिणी म्हणते. वडिलांनीं करविलेली वस्तु म्हणून यजमान नाकारतात. दोघांचेंही म्हणणें खरें. पण सागाच्या अंगीं उपजत तेल असतें. स्पिरिटानें पुसून अस्तराचा हात दिल्यावांचून त्यावर रंग टिकत नाहीं. शिवाय पांढरा तैलरंग उजेडावांचून पिवळा पडतो. म्हणजे ज्या अंधारावर उपाय करावयाचा, तोच उपायाला खातो! आणि लाकडाच्या रेषांत मुरलेला रंग पुढें पुरता निघत नाहीं. म्हणून प्रथम भिंतींना चुना द्यावा, फडताळावरची फोडणीची तेलकट काजळी साबणाच्या कोमट पाण्यानें काढावी. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर एका दाराची आतील बाजूच रंगवून चार महिने पाहावी.