मधल्या फळीतला माणूस
(नांदेड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात संतसाहित्यावर बोललं जातं, शेतीवर बोललं जातं, पाण्यावर तर दरवर्षीच बोललं जातं. फुटबॉलवर, आणि त्यातही मधल्या फळीत खेळणाऱ्या खेळाडूच्या कारकिर्दीवर बोलण्याची संधी संयोजकांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हॉकीचं नाव काढलं की नांदेडकर सावरून बसतात. गुरू गोविंदसिंगजींच्या नावानं भरणाऱ्या स्पर्धेनं या गावाला हॉकी पाहायची नजर दिली आहे. कुस्तीचं नाव काढलं की लातूरकरांच्या तोंडी रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार येतात. फुटबॉलला मात्र आपल्याकडे अजून बसायला पाट मिळालेला नाही. तो मिळावा म्हणून मी आज उभा आहे.

सुरुवात आपल्या मराठवाड्यापासूनच करतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि आपण मुंबई राज्यात आलो. त्यानंतर सव्वा महिनाही झाला नव्हता. 4 डिसेंबरला मेलबर्नला ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी होती. एका बाजूला युगोस्लाव्हिया, दुसऱ्या बाजूला भारत. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. काचीगुड्याच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. काचीगुडा म्हणजे नांदेडहून गाडीत बसलं की जिथं उतरायचं ते स्टेशन. महिन्यापूर्वीपर्यंत हा माणूस आणि आपण एकाच राज्याचे रहिवासी होतो. रहीमसाहेबांवर 'मैदान' हा चित्रपट 2024 मध्ये आला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

त्या सामन्याआधी चार वर्षं, 1952 मध्ये, हेलसिंकीला याच युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 असं हरवलं होतं. आपले बरेचसे खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. रहीमसाहेबांनी तो पराभव गाठीला बांधला. 1956 मध्ये तोच भारत मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवून उपांत्य फेरीत गेला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल डिसोझांचाच. काही मिनिटं भारत पुढे होता! पुढे आपण 4-1 असे हरलो, हे खरं. पण चार वर्षांत दहाचे चार झाले आणि काही मिनिटांपुरती का होईना, आघाडी आपली होती. शिकणारा संघ असा पुढे सरकतो.

त्या वेळच्या युगोस्लाव्ह ऑलिंपिक संघात एक पोरगेला खेळाडू होता, नुकतीच एकोणीस पूर्ण केलेला. द्रागोस्लाव शेकुलारात्स. बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबचा, मधल्या फळीत खेळणारा. त्याच्या कारकिर्दीकडे मी वळणार आहे. पण त्याआधी मधली फळी म्हणजे काय, ते नीट पाहू.

बचाव फळी आपला गोल राखते. आक्रमक फळी समोरच्यावर गोल करते. या दोघींच्या मध्ये जे उभे असतात त्यांनी मागून चेंडू घ्यायचा आणि पुढे द्यायचा. चेंडू गेला तर धावत मागे यायचं, हिसकावून घ्यायचा, पुन्हा द्यायचा. नव्वद मिनिटं हेच. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या एका मैदानावर संध्याकाळी मुलं खेळत होती. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मध्यभागी होता. मी चेंडूकडे पाहायचं सोडलं आणि दहा मिनिटं फक्त त्या मुलाकडे पाहत राहिलो. चेंडू त्याच्यापासून लांब होता, तरी त्याची मान वळत होती. एकदा डाव्या खांद्यावरून मागे, एकदा उजव्या. चेंडू त्याच्याकडे निघाला तेव्हा त्यानं पुन्हा एकदा मागे नजर टाकली आणि अंग थोडं तिरकं केलं. चेंडू पायाशी आला, तो पायाच्या आतल्या बाजूनं हलकेच अडवला आणि त्याच ओघात उजवीकडच्या मोकळ्या गड्याला दिला. पायाशी चेंडू फार तर दोन सेकंद होता. मागून धावत आलेला दांडगा मुलगा नुसता धावतच राहिला. पुढे गोल झाला, आरडाओरडा झाला, सगळे गोल करणाऱ्याच्या अंगावर पडले. मधला मुलगा मात्र आपल्या जागेवर परत निघाला होता. मधल्या फळीचं सगळं शास्त्र त्या वळलेल्या मानेत आहे. चेंडू यायच्या आधी ज्यानं पाहून ठेवलं, त्यालाच चेंडू आल्यावर वेळ मिळतो.

आता शेकुलारात्स. चेंडू पायाला चिकटल्यासारखा नेणारा हा खेळाडू. त्याला पाहायला बेलग्रेडमध्ये लोक लोटत. 1956 चं ऑलिंपिक रौप्य, 1958 आणि 1962 चे विश्वचषक, 1960 ची युरोपीय स्पर्धेची अंतिम लढत, हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. 1962 च्या विश्वचषकात युगोस्लाव्हिया चौथा आला. त्याच वर्षी एका लीग सामन्यात त्यानं पंचावर हात उचलला. शिक्षा झाली दीड वर्षाच्या बंदीची. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, पायात सगळा खेळ असताना, दीड वर्ष बाहेर! खेळाडूच्या आयुष्यात हा काळ केवढा असतो, ते जो दुखरा गुडघा धरून वर्षभर घरी बसला आहे त्याला विचारा. पुढे तो जर्मनीत खेळला, कोलंबियात खेळला आणि मग प्रशिक्षक झाला. 1989-90 च्या हंगामात त्याच्याच मार्गदर्शनाखाली रेड स्टारनं लीग जिंकली. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, हा क्लब युरोपचा विजेता झाला. 2019 च्या जानेवारीत शेकुलारात्स गेला. त्याचा क्लब त्याला आपल्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत गणतो. एवढ्या कलेच्या माणसाला रागाच्या एका क्षणाची केवढी किंमत मोजावी लागली, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

दुसरी कारकीर्द मुंबईची आहे. खालिद जमील. जन्म 1977 चा, कुवेतमधला. आई-वडील भारतीय. फुटबॉल मुंबईत फुलला. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांतून ते मधल्या फळीत खेळले, भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्यांना बोलावलं होतं. तेव्हा त्या संघांना मद्य कंपन्यांचं प्रायोजकत्व होतं, म्हणून त्यांनी नकार दिला. भारतीय फुटबॉलमध्ये त्या काळी कोलकात्याचं बोलावणं म्हणजे पैसा आणि कीर्ती दोन्ही. ते नाकारायला पायापेक्षा पाठीचा कणा लागतो.

मग दुखापती आल्या. 2009 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, खेळणं थांबलं आणि मुंबई एफसीनं त्यांना प्रशिक्षक केलं. सात वर्षं ते तिथं होते. लहान संघ, बेताचे पैसे. या सात वर्षांत विजेतेपद एकही नाही. पण दरवर्षी संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकून राहिला. 2016 मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरमला, ऐजॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या काही क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. खालिद जमील यांनी मुंबईहून काही खेळाडू सोबत नेले. त्यांत मधल्या फळीतला आपला मुंबईकर जयेश राणे होता. सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान हेही मधल्या फळीतलेच. 22 एप्रिल 2017 रोजी ऐजॉलनं घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 असं हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी झाली आणि लीग ऐजॉलची झाली. ऐजॉलचे 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातल्या क्लबानं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटी राहिली आणि लीगमधून बाहेर गेली. सात वर्षं मधली फळी कोण सांभाळत होतं, हे त्या एका वर्षात साऱ्यांना दिसलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा संघ मध्येच हाती घेऊन त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. इंडियन सुपर लीगमध्ये कायम प्रशिक्षक म्हणून नेमलेले ते पहिले भारतीय. जमशेदपूरला असताना लागोपाठ दोनदा ते वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. कितीतरी वर्षांनी या जागी भारतीय माणूस बसला. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये, ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला. पुढे ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरनं 2-1 असं हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. हेही सांगितलं पाहिजे. मधल्या फळीतल्या माणसाला टाळ्या आणि शिव्या दोन्ही पचवाव्या लागतात.

श्रोतेहो, या दोन कारकिर्दी मी शेजारी शेजारी का ठेवल्या? शेकुलारात्सच्या पायात कला होती. खालिद जमील यांचे पाय लवकर थकले, पण नजर थकली नाही. मैदानाच्या मध्यभागी उभं राहून जे पाहिलं, ते त्यांना पुढची सोळा वर्षं पुरलं आहे. आणि ही नजर शिकवण्यानं येत नाही, सामने खेळून येते. नियमित सामने, दर आठवड्याला. ऐजॉलच्या यशामागे एक गोष्ट होती. मिझोरमनं 2012 पासून स्वतःची राज्य लीग चालवली होती. सामने स्थानिक केबलवर दिसत होते. घरोघरी लोक आपल्याच गल्लीतल्या मुलांना टीव्हीवर खेळताना पाहत होते.

2011 च्या जनगणनेनुसार मिझोरमची लोकसंख्या सुमारे 11 लाख. नांदेड जिल्ह्याची 33 लाखांवर, लातूरची 24 लाखांवर. दोन्ही मिळून पाच मिझोरम आपल्यात बसतात! मुलं आपल्याकडे कमी नाहीत.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे हिरवळ कुठली? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या गावात गवतावर पाणी मारा असं मी म्हणणार नाही. आपल्या काळ्या मातीचा स्वभावही मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती बुटाला किलोभर चिकटते. अशा जमिनीवर चेंडू सरळ जात नाही, म्हणून मुलं तो उंच मारतात, आणि उंच चेंडूच्या खेळात मधली फळी उरतच नाही. त्यावर उपाय आपल्या हाताशी आहे. वरची काळी माती काढा, मुरूम टाका, पाणी शिंपडून रोलर फिरवा, कडेनं पाणी वाहून जायला चर ठेवा. त्यावर पासिंग होतं. हे काम आपल्या गावातला रस्त्याचा कोणताही ठेकेदार जाणतो.

रहीमसाहेबांकडे तरी काय होतं? ते असे सामने भरवत की ज्यांत चेंडू पायाशी घेऊन पळायला बंदी असे. मिळाला की द्यायचा. कधी फक्त दुबळ्या पायानं खेळायचं. एक पैसा न लागता मधल्या फळीची शाळा सुरू! कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींनीच फुटबॉल वाढवला. लातूरच्या मातीतले पैलवान शिकायला कोल्हापूरला गेले. आता कोल्हापूरच्या तालमींकडून ही एक गोष्ट आपण घेऊ या. तालीम आहे, मंडळ आहे, गणपतीला वर्गणी जमते. मग संघ का नाही?

पालकांना एक विनंती आहे. अभ्यासाच्या लातूर पॅटर्ननं या भागातल्या शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर केली, याचा मला अभिमान आहे. त्या अभ्यासातली एक संध्याकाळही मी तोडायला सांगत नाही. फक्त रविवार सकाळ द्या. नांदेडात सहा संघ, लातुरात सहा संघ, चौदा वर्षांखालील मुला-मुलींचे. दर रविवारी सामना, कुठल्याही बक्षिसाशिवाय, वर्षभर. प्रत्येक सामन्यानंतर गोल करणाऱ्याबरोबरच त्याला चेंडू देणाऱ्याचंही नाव फळ्यावर लिहा. शाळांनी मैदानाचं फाटक रविवारी उघडं ठेवावं, नगरसेवकांनी मुरुमाच्या चार गाड्या द्याव्यात, आणि तुम्ही मैदानाच्या कडेला येऊन उभे राहावं.

येत्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी सात वाजता मी माझ्या शाळेच्या मुलांना घेऊन मैदानावर असेन. समोर खेळायला एक संघ हवा आहे. तो तुमच्यापैकी कुणीतरी आणावा, एवढंच मागून मी थांबतो.